मढ ते खारोडी, आणि परत

माझी घरमालकीण सेलिना सत्तावन्नाव्या वर्षी माहेरी पळत जायचं म्हणून हटून बसली, तेव्हा मढ गावात आधी वाटलं की सासरी काही भांडण झालं. पण भांडायला सासरचं कोणी उरलंच नव्हतं. नवरा हेन्री समुद्रावर मासेमारी करत जगला आणि घरी खाटेवर शांतपणे गेला. नणंद फ्लेविया शेजारी राहते, पण ती भांडत नाही, फक्त निकाल देते.

नाटकं सुटल्यावर मला मालिकांत आजीची कामं मिळू लागली. शूटिंग मढच्या बंगल्यांत चाले, म्हणून मी सेलिनाच्या घरामागची खोली भाड्याने घेतली आणि इथलीच झाले. आयुष्यभर रंगमंचावर वावरले, पण पहाटेच्या अंधारात पंजाबी ड्रेसवर मुलाची जुनी टोपी घालून फाटकातून बाहेर पडणाऱ्या सेलिनासारखी एन्ट्री मी क्वचितच पाहिली. ना पार्श्वसंगीत, ना प्रकाशझोत. बुटांची नाडी आवळली, छातीवर क्रूस काढला, निघाली.

वर्सोव्याच्या एका शाळेत ती स्वयंपाक करायची. पहिली फेरीबोट चुकू नये म्हणून रोज घरापासून धक्क्यापर्यंत धावायची. नोकरी संपली तरी पाय थांबायला तयार नव्हते. मग ती उलट्या दिशेला, एरंगळकडे धावू लागली. एरंगळ झालं, मग भाटी, मग अक्सा. एकदा मार्व्याच्या नाक्यापर्यंत जाऊन आली आणि मला म्हणाली, "मावशी, तिथून पुढे खारोडी किती ते? माझं माहेर गं."

मढ ते खारोडी आणि परत, म्हणजे एकवीस किलोमीटर. तिचा मुलगा मर्विन याने फोनवर नकाशा काढून मोजलं आणि लगेच पस्तावला, कारण त्या क्षणापासून आईच्या डोक्यातून तो आकडा निघेना. लग्न होऊन ती याच रस्त्याने बसमध्ये बसून, सजून, रडत आली होती. आता तिला तोच रस्ता स्वतःच्या पायांनी एकदा जाऊन यायचा होता.

आणि घाई होती. तिची लेक मेबल कॅनडात. मागल्या वर्षी तिचं बाळ पोटातच गेलं. आता पुन्हा दिवस राहिले होते, आणि ईस्टर झाला की सेलिना तिच्याकडे जाणार होती, परत कधी येणार ते ठरलेलं नव्हतं. "तिथून येईपर्यंत साठी येईल. गुडघे काय माझी वाट बघत बसणारेत?" असं ती म्हणे. म्हणजे हातात होता तो फक्त ईस्टरआधीचा उपासकाळ.

नेमकी तिथेच गोची झाली. उपासकाळात हे लोक आपल्या आवडीचं काहीतरी सोडतात. कोणी मटण, कोणी दारू, आमची एक शेजारीण तर टीव्ही. सेलिनाने उपासकाळाच्या पहिल्याच दिवशी, राखेच्या बुधवारी, गोड सोडलं. मेबलचं बाळ नीट जन्माला यावं म्हणून. चहा बिनसाखरेचा, केक नाही, गुळाचा खडा नाही.

तिसऱ्या रविवारी ती निघाली. मागे बाळा नावाच्या आमच्या रिक्षावाल्याची रिक्षा, आणि रिक्षात पाण्याच्या बाटल्या सांभाळत मी. बाळा देवगडचा, मालाडच्या मालवणीत राहतो, सेलिनाला ताय म्हणतो आणि तिच्या धावण्याचा स्वतःच्या धंद्यापेक्षा जास्त अभिमान बाळगतो. खारोडीपर्यंत ती झकास गेली. परतताना अक्साच्या चढावर मात्र तिचे पाय एकदम तिचे राहिले नाहीत. ओठ पांढरे पडले, आणि ती रस्त्याच्या कडेला, नटाला संवाद आठवू नये तशी, शून्यात बघत बसली.

बाळाने ग्लुकोजची पुडी फोडून तिच्यापुढे धरली. तिने मान हलवली. मी रागावले, विनवलं, माझ्या साऱ्या नाट्यकलेचा वापर केला. तिने तोंड उघडलं नाही. रिक्षात बसून घरी आली.

संध्याकाळी ओट्यावर सभा भरली. मर्विनने सांगितलं की उपासकाळात रविवार धरतच नाहीत, पाहिजे तर फादरना विचार. विचारलं. फादर म्हणाले, तब्येतीसाठी थोडं घेतलंस तर देव रागावणार नाही.

"फादरनी सूट दिली ती त्यांची," सेलिना म्हणाली. "मी शब्द मेबलच्या बाळाला दिलाय."

"मग धावणं सोड," मर्विन वैतागला.

"ते पण नाही सोडणार."

"मम्मी, दोन्ही कसं जमेल यार?"

"जमवायचं ना रे. दोन्ही सोडणं सोपं आहे, ते कोणीपण करेल."

मग केळं चालेल का, यावर चर्चा. फ्लेवियाने निकाल दिला की केळं गोडच. रताळं? इंग्रजी नावातच स्वीट आहे, फ्लेविया म्हणाली, आणि तिला रताळं किती आवडतं ते आम्हाला माहीत आहे. खजूर, मनुका, नारळपाणी, एकेक उमेदवार आला आणि पडला. शेवटी कोपऱ्यात उकिडवा बसलेला बाळा बोलला.

"पेज पी ना ताय. माझो बापूस पेज पिवन नांगर धरी, दुपारपर्यंत खाली बसना नाय. मीठ घाल, चिमूटभर जास्तच."

मला आमचे कोकणातले दौरे आठवले. तीन अंकी नाटकाआधी गावकरी आम्हाला असाच वाडगाभर मऊ, खारा भात देत, आणि आम्ही शेवटच्या प्रवेशापर्यंत गर्जत असू. मी बाळाच्या बाजूने साक्ष दिली.

फ्लेविया विचारात पडली. "तांदूळ तोंडात घोळवला की गोड लागतो हां."

"मग घोळवणार नाही," सेलिना म्हणाली. "गिळणार."

सभा संपली. पुढचे तीन आठवडे ती पेजेवर धावली. आधी पोट बिघडलं, मग जास्त घट्ट झाली म्हणून घशात अडकली, मग बाटलीतून पिता येईल इतकी पातळ जमली. तोंड वाकडं करी, पण पीत राही. तालमीला रडतखडत येणारे नट मी पाहिलेत, तालमीवर प्रेम करणारे थोडे. सेलिना त्या थोड्यांतली.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारची चर्चमधली मिस्सा तिने शनिवारी संध्याकाळीच ऐकली आणि रविवारी उजाडण्याआधी निघाली. भाटी ओलांडेपर्यंत उजाडलं. रस्त्यावर हातात झावळ्या घेऊन लोक चर्चकडे निघाले होते. तिला पाहून बाजूला होत, कोणी झावळी हलवी, कोणी नुसतं बघे. ती कोणाकडेच बघत नव्हती.

खारोडीत माहेरच्या दारात भावजय ॲग्नेस कोकम सरबताचा पेला घेऊन उभी. घरच्या लेकीने दारातून तहानलेलं जाणं तिला कसं पटावं? सेलिनाने अंगणातल्या क्रूसाच्या चौथऱ्याला हात लावला आणि तिथल्या तिथे वळली. ॲग्नेस पेला सांभाळत चार घरं तिच्यामागून चालली. "अगं, साखर अगदी थोडी आहे." "ईस्टरला पिते, वहिनी," एवढंच बोलून ही पुढे. बिचारीचा मान राहावा म्हणून ते सरबत मी प्यायले. साखर थोडी नव्हती.

अक्साचा चढ आला. ऊन चढलेलं. सेलिनाची चाल इतकी मंदावली की बाळाला रिक्षा ढकलत न्यावी लागते की काय असं वाटलं. त्याने बाटली पुढे केली. ती पेज प्यायली, निम्मी अंगावर सांडली, तोंड पुसलं. मला ओरडून धीर द्यावासा वाटत होता, पण तिने आधीच बजावलं होतं, की मावशी, वर चढताना बोलायचं नाही. मी तोंडावर पदर धरला. ती चढली. चालली नाही, धावलीच. मुंगीच्या वेगाने का होईना, धावली. वर पोचल्यावर तिने थांबून मागे पाहिलंसुद्धा नाही.

मढच्या चर्चपाशी आली तेव्हा मर्विन रस्त्यात उभा होता. त्याने तिचा चेहरा ओल्या टॉवेलने पुसला. घराच्या फाटकाला तिने दोन्ही हात लावले, आणि तसेच धरून थोडा वेळ उभी राहिली. एकवीस झाले होते.

फ्लेवियाने पेढे आणून ठेवले होते. आता पंचाईत. जिच्यासाठी आणले तिला अजून पवित्र आठवडा काढायचा होता. कोणी हात लावेना.

"खा रे सगळे," सेलिना पायरीवर बसत म्हणाली. "मी बघते."

म्हणून आम्ही खाल्ले. बाळाने दोन, मी तीन. ती बाटलीतली उरलेली खारी पेज पीत आमच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर त्यागबिग काही नव्हता, चांगली भूक होती.

मर्विनने मेबलला व्हिडिओवर लावलं. तिने पोट दाखवलं, सगळं ठीक असल्याचं सांगितलं. मग भावाकडून धावण्याची हकिकत ऐकून रडायला लागली. सेलिनाने तिला रडू दिलं, आणि मग फोन स्वतःच्या हातात घेतला.

"मेबल, तुझ्या घरासमोरचा रस्ता दाखव बघू," ती म्हणाली. "कुठे जातो तो? चढ आहे का?"