मन्मथप्पांनी मांडलेलं घर

मुरुडात कुणाकडं मुलगी बघायला पाहुणे यायचे ठरले, की घरधनी आधी मन्मथप्पांना निरोप धाडायचा, किराणा मागाहून. अप्पा यायचे, उंबऱ्यात उभे राहून घरावरून एकदा नजर फिरवायचे आणि फर्मानं सोडायला लागायचे. "ही मोडकी बाज आत टाका. भिंतीचे पोपडे निघाल्यात, तिथं बसवेश्वरांची तसबीर लावा. शेजारची म्हैस सांजच्यापतुर आपल्या दावणीला आणा." पोत्यात खाली भुसा भरायचा आणि वर हातभर ज्वारी, ही त्यांची खास विद्या. एखादा पाहुणा फारच खोल हात घालणारा निघाला, तर अप्पा नेमका त्याच वेळी चहाचा कप पुढं करत.

ह्याला कुणी फसवणूक म्हटलं की त्यांचा पारा चढे. "अरे, समोरचा बी शेजाऱ्याचा कोट घालून आलेला असतोय. दोन्हीकडं उसनंच, म्हणून तर जोडा जमतो!" त्यांनी जमवलेली लग्नं टिकली होती, हे खरं. भुसा लागेपर्यंत अंगाची हळदही निघालेली असे. मग न टिकून जातात कुठं?

मांडता आलं नाही ते फक्त सख्ख्या बहिणीचं घर. शिवकांताचा नवरा गेल्यापासून ती पोराला घेऊन मुरुडातच, भावाच्या मागच्या गल्लीत राहायची आणि रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची. अप्पा गावात सांगत, "तिकडं देखरेखीला ठेवलंय तिला."

लातूर जिल्हा होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. उस्मानाबादच्या कचेऱ्या लातुरात, म्हणजे जवळ आल्या होत्या. पाणी मात्र लांब गेलं होतं. दुष्काळ असा, की टँकर आला तरी गल्लीत वाट्याला घागरभर पाणी येईल ह्याची खात्री नाही. एका भर दुपारी टँकरचा ड्रायव्हर लिंबाखाली घोरत होता आणि शिवकांताचा रेवणसिद्ध, चौदा वर्षांचा पोरगा, दोन घागरी घेऊन टँकरमागं गेला. तोटी फिरवली. ती त्याच्या हातातच आली. पोरानं अंगातला सदरा काढून भोकात कोंबला आणि दोन्ही हातांनी दाबून तो तिथंच ओरडत उभा राहिला. पळाला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. ड्रायव्हर जागा होईतो सरकारी पाणी बाजाररस्त्यानं पार चावडीपर्यंत पोचलं होतं. त्या वर्षी रस्त्यावर ओल दिसली ती तेवढीच.

तक्रार झाली. पोराला लातूरला नेलं आणि मुलांच्या निरीक्षणगृहात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ-बहीण लातूरला गेले. अप्पांच्या मनात कोर्ट म्हणजे पिंजरा, काळा कोट आणि हातातल्या बेड्या. तिथं भेटल्या परिवीक्षा अधिकारी सोनकांबळे बाई. सुती साडी, खांद्याला पिशवी. बाईंनी दोघांना बाकावर बसवून सावकाश सांगितलं, "घाबरू नका. मुलांचं कोर्ट वेगळं असतं. पिंजरा नाही, बेड्या नाहीत, पोलीससुद्धा साध्या कपड्यात येतो. साहेब मुलाशी स्वतः बोलतील. पोरानं काय केलं एवढंच नाही, का केलं आणि घरी कोण सांभाळतं, हे विचारतील. बुधवारी मी घर बघायला येते. परिस्थिती पाहून अहवाल देते. त्यावरून ठरेल, मुलाला आईकडं सोडायचं का दोन-तीन वर्षं संस्थेत ठेवायचं."

शिवकांतानं पदर तोंडाला लावला. "दोन-तीन वर्षं! अण्णा, आता रं काय करायचं?"

अप्पांचा चेहरा मात्र फुलला होता. "काय करायचं म्हंजी? घर दाखवायचं! आगं, हे तर तुझ्या भावाचं रोजचं काम हाय."

बुधवारी सकाळपासून गल्ली राबत होती. दारी शेजारची म्हैस आली, देशमुखांचं भिंतीवरचं घड्याळ आलं, कपबशा आल्या. पोतं तर आलंच. पाण्याचा प्रश्न होता. पण अप्पांचा शब्द कोण मोडणार? घरोघरची भरली घागर शिवकांताच्या ओसरीत येऊन बसली. सगळ्यांत मोठा पितळी हंडा नागुबाईचा.

"अप्पा, हंडा देते, पण आतलं पाणी मोजलंय मी," नागुबाई म्हणाली. "पावनीनं तांब्याभर पिलं तर चालंल. तुमी पिऊ नका."

"आनि शिवकांता, तू तोंड उघडू नको," अप्पांनी बहिणीला बजावलं. "काय इचारलं तर खाली बघायचं."

"अण्णा, मला पावन्यांना दाखवायलास का?"

"गप. हाताला खडीचे घट्टे पडल्यात, ते पदराखाली घे."

बाई आल्या. अप्पांनी सवयीनं पहिला प्रश्न टाकला, "गाव कोणतं आपलं?"

"हिमायतनगर. आणि माझं लग्न झालंय."

अप्पा खजील होऊन हसले आणि चहा पुढं केला. बाईंनी ओसरीकडं पाहिलं. "गावात टंचाई आहे म्हणतात. इथं दिसत नाही."

"टंचाई? आमच्या घरात?" अप्पांची छाती पुढं आली. "बाई, आमच्याकडं पावन्याला पाणी कमी पडलं असं कधी झालंच न्हाई."

बाईंनी लिहिलं. "मग मुलानं टँकरचं पाणी का घेतलं?"

 चाळीस वर्षांत पाहुण्याच्या कुठल्याच प्रश्नाला अप्पा अडलेले नव्हते. "खोडसाळपणा! पोरवय हाय."

"आई कामाला जाते?"

"छ्या! आमच्यात बायका कामाला जात न्हाईत. दिसभर पोरावरच नजर."

"म्हणजे नजर असूनही हे झालं," बाई हळूच म्हणाल्या आणि तेही लिहिलं. मग त्या शिवकांताकडं वळल्या. "तुम्हाला काही सांगायचंय?"

शिवकांतानं भावाकडं पाहिलं आणि खाली बघितलं.

बाई वळणाआड जातात न जातात तोच गल्लीनं घागरी उचलल्या. नागुबाईनं हंड्यात वाकून पाहिलं आणि समाधानानं मान डोलावली. "पसंती हाय!" अप्पा म्हणाले. "चहा पुरा पिली. नापसंती असली की अर्धा ठेवत्यात."

कोर्टाच्या दिवशी अप्पा जरीकाठी उपरणं घालून गेले. सुनावणी एका साध्या खोलीत होती. मेजाभोवती खुर्च्या, मेजामागं पांढऱ्या सदऱ्यातले मॅजिस्ट्रेटसाहेब. गावाहून आलेल्या मंडळींना बाहेरच थांबवलं. आत फक्त आई आणि मामा. रेवण खुर्चीच्या कडेवर बसला होता.

साहेबांनी अहवाल वाचायला घेतला. "घरची परिस्थिती चांगली." अप्पांनी उपरणं सारखं केलं. "धान्य, पाणी मुबलक." अप्पांनी बहिणीकडं बघून भुवया उडवल्या. "आई पूर्ण वेळ घरी असते, तरीही मुलगा आवरत नाही. घरात गरज नसताना केवळ खोडसाळपणानं सरकारी पाण्याचं नुकसान केलं, असं खुद्द मामा सांगतात. घरी शिस्त लागणं कठीण. संस्थेत ठेवण्याचा विचार व्हावा."

अप्पांच्या भुवया वरच राहिल्या.

"बाळ, पाणी का घेतलंस?" साहेबांनी विचारलं.

रेवणनं मामाकडं पाहिलं. निरीक्षणगृहातल्या भेटीच्या दिवशी मामा सांगून गेले होते, घराची इज्जत तुझ्या हातात हाय. "खोड्या म्हनून," तो म्हणाला.

साहेबांनी पेन उचललं, तसे अप्पा खुर्चीतून उठलेच. "साहेब, थांबा! पोरगं खोटं बोलायलंय. मीच शिकवलं तसं. त्या घागरी गल्लीच्या हायेत. हंडा नागुबाईचा. म्हैस शेजारची, घड्याळ देशमुखांचं."

"आणि धान्य?"

ही विद्या अप्पांनी आजवर कुणाला सांगितली नव्हती. "वर हातभर ज्वारी," ते म्हणाले, "खाली भुसा."

साहेब खुर्चीत मागं रेलले. "बुधवारी एक सांगता, आज एक. मी कशावर विश्वास ठेवू?"

चाळीस वर्षं अप्पांचं खोटं लोकांना पटत आलं होतं. पहिल्यांदाच खरं बोलले, तर ते पटेना.  तेव्हा शिवकांतानं पदराखालचे हात काढले आणि मेजावर उताणे ठेवले. तळव्यांना भेगा होत्या, नखं खडीनं काळी पडली होती.

"मी खडी फोडते, साहेब. सांजच्याला घरी आले की प्यायला पाणी नसतंय. पोरगं माझ्यासाठी गेलतं. चुकलं त्याचं. पन सदरा कोंबून उभा राहिला, पळाला न्हाई."

 मग साहेब बाईंना म्हणाले, "आत्ता जा. न सांगता घर बघून या. आणि हे मामा," त्यांनी पेननं अप्पांकडं खूण केली, "घर बघून होईपर्यंत इथून हलणार नाहीत."

कोर्टाची जीप मुरुडकडं गेली. अप्पा भाच्याशेजारी व्हरांड्यातल्या बाकावर बसले. शिवकांता खांबाला टेकून डोळे मिटून होती. मांडायला काही नाही, झाकायला काही नाही. अप्पांना हात कुठं ठेवावेत ते कळेना.

"मामा, बाईला घरात काय दिसंल?"

"काय बी न्हाई दिसायचं."

"मग बरं हाय."

"बरं कसलं! आज आपली कोर्टात तारीख हाय म्हनून नागुबाईनं आपलेपनानं हंडा भरून ठेवला आसंल तर?" अप्पांना घाम फुटला. आयुष्यभर दुसऱ्याच्या घरात भांडी यावीत म्हणून ते झटले होते. आज शेजाऱ्यांना चांगुलपणा न सुचो, म्हणून मनातल्या मनात महादेवाला साकडं घालत होते.

उन्हं कलली तेव्हा बाई परतल्या आणि सरळ आत गेल्या. थोड्या वेळानं तिघांना बोलावणं आलं. घरात दोन रिकाम्या घागरी आणि एक लोटा सापडला होता. कामावरच्या मुकादमानं हजेरीपटावर शिवकांताचं नाव दाखवलं होतं. साहेबांनी निकाल सांगितला: मुलगा आईच्या ताब्यात, वर्षभर बाईंची देखरेख, शाळा चुकवायची नाही.

रेवण आईला बिलगला. बाई अप्पांना म्हणाल्या, "मी दर महिन्याला येईन. कधी ते सांगणार नाही."

"असं कसं?" अप्पा कळवळून म्हणाले. "निदान आदल्या दिवशी तरी कळवा, बाई. पावन्याच्या हातावर पाणी घालायचं कुठून?"

"अण्णा," शिवकांता पोराचा हात धरून चालू लागली, "ती आली की मी बघीन. तू तेवढा आमच्या गल्लीत फिरकू नको."