गढीच्या लेकीचा अर्ज

सौंसरच्या कचेरीबाहेर कडुनिंबाखाली अर्ज लिहून देण्याचे माझे टेबल आहे. शिक्षण दहावीपर्यंत, तेही अपुरे. तथापि माझ्या हातचा अर्ज वाचण्यापूर्वी साहेबलोक चष्मा पुसून घेतात, अशी माझी ख्याती होती. त्या ख्यातीपायी माझ्या हातून जे घडले, ते मी येथे नमूद करीत आहे.

गेल्या उन्हाळ्यात लोधीखेड्याकडच्या एका खेड्यातून एक गोंड म्हातारी नातीला घेऊन आली. नातीचा नंबर छिंदवाड्यास नर्सिंगला लागला होता आणि पंधरा दिवसांत जातीचा दाखला हवा होता. घरात जुने कागद नव्हते, म्हणून शपथपत्र करणे आले.

"किती पिढ्यांपासून गावात आहात?" मी विचारले.

"गढी पडली तवापासून, भाऊ. आमची मूळ बाई गढीत दाई होती."

माझा पेन थांबला. डोंगरातल्या त्या गढीचा गोंड राजा, राणी, मुले, सर्वांना सोयऱ्यांनीच भरल्या पंगतीत कापले, ही कथा आमच्याकडे कोणाला ठाऊक नाही? धाकट्या मुलीचे प्रेत तेवढे सापडले नाही. तिगावकडे सांगतात, ती कापसाच्या गाडीत दडून निसटली. पांढुर्ण्याचे लोक तिला नदीपार पोहवतात. दोन गावे तर तिची समाधी दाखवितात, आणि दोन्हीकडे ती म्हातारपणी वारली असे सांगतात. ती वाचली नाही असे म्हणणारा माणूस मला जन्मात भेटला नव्हता.

"म्हणजे राजकन्येला तुमच्या दाईने वाचवले तर!"

म्हातारीने नातीला पाणी आणायला पिटाळले आणि आवाज उतरवला.

"नाही वाचली, भाऊ. दाईनं दोघी पोरी कपाशीच्या ढिगात दडवल्या. एक आपली, एक राजाची. बाहेर मानसं हुडकून राहिले होते. राजाची पोर रडाले लागली, तं दाईनं तोंड दाबलं तिचं. सोडलं तवा जीव नव्हता. आपली वाचली. आमी तिचे. कोनाले सांगत नाही हे आमी. तुमी फक्त जात लेहा."

मी मान डोलावली. त्या दोघी झाडापलीकडे भाकर खायला गेल्या आणि मी लिहावयास बसलो. दाईची लेक, हे मला अर्जाच्या मानाने फार हलके वाटले. मी हिंदीत चार पाने लिहिली: राजकन्या वाचली, दाईच्या घरी वाढली, अर्जदार तिची थेट वंशज. असे लिहिल्याने साहेब द्रवतील, हा माझा हिशेब. ज्याचा अंगठा घ्यायचा त्याला कागद वाचून दाखवावा, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. शेवटी 'पढ़कर सुनाया, समझाया' ही ओळ मी वळणदार अक्षरात लिहिली. वाचून मात्र दाखवले नाही. दाखवले असते तर म्हातारीने ती पाने फाडावयास लावली असती, हे मला ठाऊक होते. तिने अंगठा दिला.

चौथ्या दिवशी साहेबांनी तिला आत बोलावले. मी दाराशी उभा होतो.

"अम्मा, आप राजा के खानदान से हैं?"

"नाही साहेब. आमी दाईचे."

"तो शपथ पर यह झूठ किसने लिखवाया?"

म्हातारीने वळून माझ्याकडे पाहिले. एक शब्द मी बोलायचा होता. टेबल जाईल, वीस वर्षांचे नाव जाईल, एवढेच माझ्या मनात आले. मी जमिनीकडे पाहिले.

"मीच सांगतलं असंन," ती म्हणाली. "म्हातारी झाली, साहेब. इसरते."

अर्ज फेटाळला गेला. मी नवा लिहिला, एका पानाचा, आणि तीनदा वाचून दाखवला. साहेबांनी या खेपेस चौकशी लावली; त्यांचेही खरे होते. दाखला मिळाला तेव्हा प्रवेशाची मुदत टळून महिना झाला होता. नात आता संत्र्याच्या गोदामात फळे निवडते.

एवढ्यावर थांबते तरी बरे होते. माझी चार पाने कचेरीतून चहाच्या टपरीवर पोचली. म्हातारी रेशनच्या कामाला आली की टपरीवाला ओरडतो, "राणीसाहेबाईले बसाले खुर्ची द्या रे!" गोदामात पोरीला राजकन्या म्हणतात. तिथल्या बाया तिला टोपली उचलू देत नाहीत आणि मग तोंडाला पदर लावून हसतात.

मागल्या आठवड्यात एक परगावचा मास्तर गढीची माहिती गोळा करीत टपरीवर आला. टपरीवाला त्याला म्हातारीच्या घरचा पत्ता सांगत होता. मी उठलो आणि सर्वांदेखत म्हणालो, "ती वंशज नाही. ते मी मनाने लिहिले. म्हातारीला वाचूनही दाखवले नाही."

टपरीवाला हसला. "बाबूजी, आता कायले लपवता? सरकारी कागदावर अंगठा हाय तिचा."

मास्तरने वहीत काहीतरी टिपले आणि लोधीखेड्याची बस किती वाजता सुटते, ते विचारले.