याहून हलकी स्प्रिंग

आमच्या दादाला नेमबाजीच्या क्लबात सगळे ‘काटा’ म्हणतात. डोळे मिटून पिस्तुलाची स्प्रिंग चिमटीत दाबायची आणि ती किती पौंडांची ते सांगून टाकायचं, ही त्याची खोड. मग खऱ्या वजनकाट्यावर पडताळायचं आणि हरेल त्याने चहा पाजायचा. दादाने कधी कुणाला चहा पाजल्याचं माझ्या ऐकिवात नाही. नेमबाजांची पिस्तुलं दुरुस्त करणं हे त्याचं काम. स्प्रिंगशी जेवढं गोड वागेल तेवढं माणसांशी नाही. अपवाद फक्त वहिनीचा. ती क्लबातली पट्टीची नेमबाज, आणि तिच्यापुढे हा अगदी गोगलगाय.

गेल्या वर्षी वहिनीच्या उजव्या हातातला जोर कमी होऊ लागला. नस सुकत चाललीय, असं डॉक्टर म्हणाले. इलाज विचारला तर “बघू या” म्हणाले. त्या ‘बघू या’चा अर्थ न कळायला आम्ही काही दूधखुळे नव्हतो. पण वहिनीचं एकच पालुपद होतं: यंदाची स्पर्धा मी खेळणारच.

नेहमीच्या काडतुसांचा धक्का तिला सोसेना, म्हणून दादाने कमी दारूची, स्पर्धेची हलकी काडतुसं आणली. पण दारू कमी म्हणजे धक्काही कमी. गोळी सुटली की पिस्तुलाचा वरचा भाग, म्हणजे स्लाइड, मागे जाऊन रिकामी पुंगळी बाहेर फेकते. जुन्या ताठ स्प्रिंगपुढे ती स्लाइड अर्ध्यातच थांबली आणि पुंगळी चेंगरून बसली. दादाने थोडी हलकी स्प्रिंग घातली आणि पिस्तूल सुरळीत चालू लागलं. वहिनी इतकी खूश झाली की मी चक्क शिट्टी वाजवली.

काही दिवसांनी ते पुन्हा अडलं. त्याने आणखी हलकी घातली. तरीही अडलं, तेव्हा दादाने तेच पिस्तूल स्वतःच्या हातात घेतलं आणि त्याच काडतुसांनी अख्खं मॅगझिन रिकामं केलं. एकदाही अडलं नाही. दादाचा चेहरा खर्रकन उतरला. मनगट ढिलं असलं की सगळं पिस्तूलच हातासकट मागे जातं आणि स्लाइडला पुरता रेटा मिळत नाही, हे मलाही ठाऊक होतं.

“काय हो, कशाने अडतंय?” वहिनीने लांबून विचारलं.

“स्प्रिंगच. अजून ताठ आहे.”

मी त्याला कोपऱ्यात गाठलं. “अरे, रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! असं किती दिवस चालवणार?”

“मग हात गेला म्हणून तिला सांगू? तू सांगतोस?”

मी त्याचा स्प्रिंगांचा डबा उगाच आवरायला घेतला. मोठा आलो होतो शहाणपण शिकवायला.

स्पर्धेच्या दिवशी दादाने डब्यातली सगळ्यांत लेचीपेची स्प्रिंग घातली. पहिल्या काही गोळ्या नीट सुटल्या. मग स्लाइड मागे गेली आणि पुढे येताना वाटेतच रेंगाळली. तिला पुरतं मिटवण्याइतका जीवच त्या स्प्रिंगमध्ये उरला नव्हता. वहिनीने तळहाताने स्लाइड पुढे रेटली. ती हलेना. तिने पुन्हा रेटली. शेवटी पिस्तूल टेबलावर ठेवून तिने डावा हात वर केला आणि पंच आले. क्लबाचा संघ तिच्याशिवाय पुढे खेळला.

घरी आल्यावर ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. मी पाण्याचा पेला पुढे केला, तो तिने घेतला नाही.

“अहो, याहून हलकी नाहीच का?”

“नाही,” दादा म्हणाला. इतक्या दिवसांत तो तिच्याशी पहिल्यांदा खरं बोलला.

वहिनीने त्याची दोन बोटं आपल्या उजव्या मुठीत घेतली. “काटा म्हणवता ना स्वतःला? मग सांगा, ही किती पौंडांची?”

दादाने सवयीने डोळे मिटले. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. वहिनीच्या कपाळावरची शीर तटतटून फुगली होती. दादाला ती दिसत नव्हती. तो वाट पाहत राहिला.

“दाब ना,” तो म्हणाला.

“दाबतेय की हो.”