निळी बाटली दिसली

ऑपरेटरबाई प्रयोगशाळेत नोकरीला लागल्या तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती. त्याआधी सत्तावीस वर्षं त्यांनी सिनेमाच्या थिएटरात प्रोजेक्टर चालवला होता. थिएटर बंद पडलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. इथलं काम सोपं होतं: डोळ्यांवर चढवायचे व्हीआर हेडसेट पुसायचे, चार्ज करायचे, आलेल्या माणसाच्या डोक्यावर नीट बसवायचे.

प्रयोग एका तरुण मॅडमचा. हेडसेटमध्ये दुकान दिसायचं. फळीवर एक लाल बाटली, एक निळी; त्यातली एक निवडायची. निवड करण्याआधी त्यातल्या एकीचं चित्र डोळ्याला कळणारही नाही इतकं झटकन चमकून जायचं. तरीही माणूस त्याच बाटलीकडे ओढला जातो का, हे बघायचं होतं. ऐंशी जण झाले होते आणि आकडे झकास येत होते.

एका सकाळी दोनपैकी एका हेडसेटचा पट्टा बदलल्यावर बाईंनी तो स्वतःच चढवून पाहिला.

"मॅडम, आत्ता निळी बाटली चमकली."

"शक्यच नाही. ती कुणालाच दिसत नाही."

"मला दिसली."

मॅडमनी वीस वेळा चित्र दाखवलं. बाईंनी एकोणीस वेळा बरोबर सांगितलं.

"तुमची नजर तयार आहे, म्हणून," मॅडम म्हणाल्या.

"असेल. पण दुसऱ्या हेडसेटमध्ये मला काही म्हणजे काही दिसत नाही. त्याचं काय?"

मॅडमनी विषय झटकला. बाईंनी पिच्छा सोडला नाही. शेजारच्या विभागातून त्यांनी उजेड मोजायचं यंत्र मागून आणलं, चिकटपट्टीने भिंगाला लावलं आणि मॅडमना यंत्राचे आकडे दाखवणाऱ्या पडद्यासमोर बसवलं. त्या एका हेडसेटमध्ये चित्र ठरल्यापेक्षा तिप्पट वेळ रेंगाळत होतं.

मॅडमचा चेहरा उतरला. "म्हणजे निम्मं काम पाण्यात. आणि पुढच्या महिन्यात अहवाल द्यायचाय."

"मग आजपासूनच कामाला लागू. लोकांना फोन मी लावते."

महिनाभर दोघींनी कंबर कसली. चाळीस नवी माणसं आली. बाई रोज दोन्ही हेडसेट मोजायच्या आणि जाताना प्रत्येकाला विचारायच्या, "मध्येच काही चमकल्यासारखं वाटलं का?"

घरी बहीण वैतागली. "तुला काय पडलंय एवढं? तुझं काम पुसायचं."

"पुसतेच आहे की!"

झकास आकडे राहिले नाहीत. चमकलेल्या बाटलीकडे किंचित कल दिसला, योगायोग म्हणता येईल इतकाच. मॅडमनी अहवालात तसंच लिहिलं, जुनी चूकही लिहिली.

"एवढं उघड करायची गरज होती का?" विभागाच्या सरांनी विचारलं.

"होती," मॅडम म्हणाल्या. सरांनी अहवालावर सही केली.

पुढच्या प्रयोगाच्या बैठकीला मॅडमनी बाईंनाही बसवलं. बाईंनी पहिलाच प्रश्न असा विचारला की त्याचं उत्तर शोधण्यात सगळ्यांची दुपार गेली.