शब्दाचं गाव कंचं?

परवा नात फोनवर म्हणाली, "आजी, आमच्या कंपनीने दोघांना फायर केलं." वाईट बातमी होती, पण मी एकटीच हसत सुटले... कारण मला एकदम कराड आठवलं.

एकाहत्तरची लढाई होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. कराडला एसटी स्टँडमागे एका टायपिंग इन्स्टिट्यूटच्या खोलीत मी संध्याकाळी बिझनेस इंग्लिश शिकवायचे. मी नुकतीच बी.ए. झालेली, आणि समोर बाकांवर माझ्या काकांच्या वयाची माणसं... सगळी लष्करातून रिटायर होऊन नोकरी शोधणारी.

त्यातले एक जाधव हवालदार, कडेगावजवळच्या खेड्यातले. सांगलीत हळदीच्या एका व्यापाऱ्याकडे गोदाम सुपरवायझरची जागा निघाली होती. माल परदेशी जायचा, म्हणून इंटरव्ह्यू इंग्रजीत. ती नोकरी हुकली तर मुंबईला वॉचमन म्हणून जाणं आलंच.

आणि त्यांना मुंबईला जायचं नव्हतं. "सा वर्साची पोरगी हाय, बाई. रजेवर यायचो तवा आत पळायची आन् आईला सांगायची, पाव्हनं आल्यात म्हनून." सगळा वर्ग हसला. हवालदार हसले नाहीत.

एक दिवस मी फळ्यावर वाक्य लिहिलं, 'द मॅनेजर फायर्ड टू क्लार्क्स.' अर्थ विचारला. हवालदार ताडकन उभे... "मॅनेजरनं दोन कारकुनास्नी गोळ्या घातल्या!"

मला हसू आवरेना. पण वर्गात दुसरं कुणीच हसत नव्हतं, सगळ्यांनी तोच अर्थ लावला होता! त्यांची कंपनी म्हणजे शंभरेक जवान, चार्ज म्हणजे शत्रूवर चाल. 'बँक चार्जेस'चं काय झालं ते तर विचारूच नका.

मी खरा अर्थ सांगितला, कामावरून काढून टाकलं. हवालदारांचा चेहरा पडला. "मग फायर कशापायी म्हंत्यात? ह्यो शब्द मूळचा कुठला? गाव कंचं ह्याचं?"

आमच्याकडे अनोळखी माणूस भेटला की नावाआधी गाव विचारतात, गाव कळलं की निम्मी ओळख झालीच. पण शब्दालाही गाव विचारता येतं हे मला बी.ए. होईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. मी नुसती घोकंपट्टी करून घेत होते आणि वर्ग दुसऱ्या दिवशी सगळं विसरत होता.

घरी डिक्शनरी चाळत बसले. डिस्चार्ज! बंदुकीतून गोळी सुटते तोही डिस्चार्ज आणि माणूस नोकरीतून सुटतो तोही. कुणीतरी थट्टेनं त्याचं फायर केलं असावं. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं तर सगळे खूश... डिस्चार्ज तर प्रत्येकाने स्वतः घेतला होता.

मग आम्हाला नादच लागला. टार्गेट, कॅम्पेन पलटणीतले. ब्रँच झाडावरची. लिक्विड, फ्लो, फ्रोझन हे पाण्याकाठचे, आणि पैसा बुडाला, मुरला असं आपण म्हणतोच की! 'फ्रोझन अकाउंट' आलं तेव्हा लडाखला राहून आलेला एक जण म्हणाला, "पानी दिसतंय, पर घागर भरता येत न्हाई." इनव्हॉइसने मात्र शेवटपर्यंत गाव सांगितलं नाही, तो तसाच पाठ केला.

इंटरव्ह्यूहून हवालदार थेट वर्गात आले. शेठनी त्यांना गोदामाबाहेर उभं केलं होतं. ट्रकची ही रांग, आणि विचारलं, "व्हॉट इज द बॉटलनेक हियर?" तो शब्द मी शिकवलाच नव्हता!

"घाम फुटला, बाई. मग म्हनलं, गाव बघू. बॉटल म्हंजी आमची पान्याची बाटली, नेक म्हंजी मान." बाटली भरलेली असली तरी पाणी बेताबेतानेच येतं, हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यांनी गोदामाच्या एकुलत्या एका अरुंद दाराकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "सर, वॉटर मच, माऊथ स्मॉल!"

नोकरी मिळाली. व्याकरणाचे मार्क कुणी मागितले नाहीत.

नवा इंग्रजी शब्द भेटला की मी आजही आधी त्याचं गाव विचारते. ही सवय हवालदारांची, मी फक्त पुढे कितीतरी वर्गांना लावली. त्यांचे उपकार मोठेच.

त्या दिवाळीत ते लेकीला घेऊन आमच्या घरी आले. आता दर शनिवारी सांगलीहून घरी जात होते. बोटं पिवळीधमक, आणि त्यातलं एक बोट पोरीच्या मुठीत घट्ट.

मी मुद्दाम चिडवलं, "काय गं, हे पाव्हणे कोण?"

पोरीने माझ्याकडे रागाने पाहिलं. "पाव्हनं न्हाईत काय... आमच्याच गावचं हायती!"

या वेळी सगळ्यांच्या आधी हवालदार हसले.