हौलदिली नावाचा दगड

"गळ्यातलं काढा," मी सिस्टरला म्हटलं. पेशंटच्या नवऱ्यानं हात मध्ये घातला.

"मॅडम, तेवढं राहू द्या. तेच्यावरच तर तिचं चालू हाय."

बाई स्ट्रेचरवर होती. उजवा हात उचलत नव्हता, तोंड वाकडं झालेलं, डोळे उघडे, पण एक शब्द फुटत नव्हता. आणि हा माणूस लॉकेट धरून उभा! मी ओरडले. दवाखान्यात मी सहसा ओरडत नाही. मग त्यानं हात काढला.

सुनीता माझी जुनी पेशंट. निलंग्याच्या शाळेत शिकवते. लहानपणी सांधे सुजवणारा ताप आला होता, त्यात हृदयाची एक झडप आकसली. अशा हृदयाचे ठोके कधीकधी बेताल होतात. रक्त आत साचतं आणि त्याची गुठळी होते. गुठळी मेंदूकडे गेली की लकवा. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यायची आणि दर महिन्याला लातूरला येऊन रक्त तपासून जायचं. ती नेमानं यायची. मग यायची बंद झाली. फोन केला तर नवरा म्हणायचा, "बरी हाय मॅडम, येतो."

सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. वेळेत आणलं होतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरू केलं आणि मी बाहेर आले.

"महादेवराव, गोळी कधीपासून बंद आहे?"

त्याचं कृषी सेवा केंद्र आहे. औषधाची बाटली वाचून शेतकऱ्याला डोस सांगणारा माणूस. खाली बघत म्हणाला, "हौलदिली घातल्यापासून."

"काय घातल्यापासून?"

"यशबाचा दगड, मॅडम. नांदेडहून आणला. दुकानदार बोलला, नावातच गुण हाय. धडधड कमी बी झाली होती. मग सुनीताच म्हनली, दर महिन्याला रजा कशाला टाकायची."

सिस्टरनं लॉकेट एका पाकिटात घालून त्याच्या हातात दिलं होतं. हिरवा, गुळगुळीत, बदामाच्या आकाराचा दगड. यशब म्हणजे ज्याला इंग्रजीत जेड म्हणतात तो. आपल्याकडे सापडत नाही, बाहेरून येतो. हा खरा होता की खोटा, मला देणंघेणं नव्हतं.

पुढच्या रविवारी महादेवरावांकडून दुकानाचा पत्ता घेऊन मी नांदेडला गेले. दुकानात बसून म्हटलं, "छातीत फार धडधडतं हो."

दुकानदार अदबशीर. पाणी दिलं, ट्रे पुढे सरकवला. "हे बघा, हौलदिली. हौल म्हणजे धास्ती, दिल म्हणजे काळीज. आपण हवालदिल म्हणतो ना, त्यातलंच. काळजाची धास्ती घालवतो म्हणून हे नाव. जुने हकीमसुद्धा द्यायचे."

"माझ्या गोळ्या चालू आहेत."

"त्या तुमच्या मर्जीवर. पण एकदा हे काळजाशी टेकलं, की दगड आपलं काम करतो."

मी कोण ते सांगितलं. सुनीताचं काय झालं तेही सांगितलं. त्याचा आवाज जराही चढला नाही.

"मॅडम, रोग बरा होतो असं आमच्या बोर्डावर कुठं लिहिलंय? नावच ते हाय. नाव काय आम्ही ठेवलं?"

खरी चीड इथंच आली. कारण शब्दाचा अर्थ त्यानं बरोबर सांगितला होता. ह्या दगडाचा जो तुकडा छातीवर घालत, त्याला हौलदिलीच म्हणत. ज्या काळात धडधडीवर दुसरं काही नव्हतं, तेव्हा लोकांनी दगडाला ते नाव दिलं. त्यांना दोष नाही. पण हा माणूस त्या नावाच्या आड बसून धंदा करत होता.

मी सरकारी कार्यालयात तक्रार दिली. तिथले साहेब मी काढलेला दुकानाच्या बोर्डाचा फोटो बघत म्हणाले, "यात आजाराचं नाव कुठाय?"

"मालाच्या नावातच आहे."

"मॅडम, नावावर कारवाई कशी करू? उद्या धाब्याचं नाव अमृत असलं, तर तोही गुन्हा का?"

"धाब्यावर जेवून कुणी गोळ्या बंद करत नाही, साहेब!"

ते हसले. मला हसू आलं नाही. पेशंटच्या घरच्यांचा जबाब आणा, म्हणाले. मला वाटलं, महादेवराव टाळतील. गाव काय म्हणेल, याची त्यांना धास्ती. पण आले. साहेबांसमोर बसून सगळं सांगितलं. "दुकानदार बोलला, आन् आमी ऐकलं," म्हणाले आणि जबाबावर सही केली.

नोटीस गेली. दुकानाच्या बोर्डावरून 'हौलदिली' हा शब्द गेला. आता तिथं 'यशब लॉकेट' असं लिहिलंय. अर्थ तो तोंडी सांगतो. तोंडी बोलण्याचा फोटो निघत नाही, असं साहेबांनी मला समजावलं.

सुनीता पुन्हा शाळेत जाते. गोळी चालू आहे. उजव्या हातात खडू धरवत नाही, डाव्यानं लिहिते. बोलणं परत आलं, पण हजेरी घेताना मुलांची नावं अडकतात. मुलं आपणहून उभी राहून आपलं नाव सांगतात.

गोळ्या कुठल्या घेता, हे मी पूर्वीपासून विचारत आलेय. आता गळ्यात, दंडात, बोटात काय आहे तेही विचारते. आणि देणाऱ्यानं त्याचा अर्थ काय सांगितला, ते तर आधी विचारते. पेशंट दगडावर नाही, अर्थावर विश्वास ठेवतो.