पूजा झालेल्या गाडीची वायर

"वायर लावू नका सिस्टर. आत्ताच पूजा झालीय गाडीची."

समोरच्या घरातले काका एवढं बोलले आणि प्रसादाच्या खोबऱ्याचा तुकडा त्यांनी तोंडात टाकला.

दसऱ्याची सकाळ. नांदेडमधली आमची कॉलनी. सगळ्यांच्या गाड्या धुतलेल्या, झेंडूच्या माळा घातलेल्या. मधे माझी गाडी. जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली, पण माझ्या नर्सच्या पगारातून घेतलेली. चावी फिरवली की नुसतं टकटक. आत माझी माय बसलेली, पांढरं लुगडं नेसून.

त्या दिवशी आमचा धम्मदीक्षेचा सण. हदगावकडच्या आमच्या गावात विहारात बावीस प्रतिज्ञा म्हणतात. एकानं पुढं म्हणायचं, बाकीच्यांनी मागून. मायला अक्षरओळख नाही. तिनं ऐकून ऐकून सगळ्या प्रतिज्ञा पाठ केल्या होत्या आणि त्या वर्षी पुढं म्हणायचा मान गावानं तिला दिला होता. आयुष्यात पहिल्यांदा.

घरात प्रतिज्ञा मोठ्यानं लावल्या की काका खिडकी आपटायचे. म्हणून आदल्या संध्याकाळी आम्ही मायलेकी गाडीत जाऊन बसलो, काचा वर केल्या आणि गाडीच्या टेपवर लावून तिनं पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. इंजिन बंद, टेप चालू, आतला दिवा चालू. त्यातच बॅटरी उतरली. असं होतं हे मला ठाऊकच नव्हतं.

काकांकडं वायर होती. एका गाडीची बॅटरी दुसरीला जोडायची, की बंद पडलेली चालू होते. याच वायरनं त्यांनी शेजाऱ्यांच्या गाड्या चालू करून दिलेल्या मी पाहिल्या होत्या. म्हणून गेले. हात जोडून उभी राहिले.

"वायरच तर लावायची आहे काका. माय खोळंबलीय."

"तेच तर. नवी गाडी, पूजेचा दिवस. तुमच्या गाडीला कसं लावावं?" मग त्यांनी माझ्या पांढऱ्या साडीकडं पाहिलं, गाडीतल्या मायकडं पाहिलं. "आणि तुम्ही लोकं आज कुठं निघालाव, ते दिसून राहिलं की आम्हाला."

आजूबाजूला चारजण उभे होते. शिकलेले, पगारदार. एकानं मोबाइल काढला आणि उगाच त्यात बघत बसला. गाडी ढकलायलाही कुणाचा हात पुढं आला नाही.

म्हणजे पाण्याचं झालं, देवळाचं झालं, आता करंटलाही विटाळ.

माय गाडीतून उतरली. तिनं सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "चल बाई. यष्टीनं जाऊ."

सणाची गर्दी. दोन गाड्या भरून गेल्या, तिसरीत उभ्यानं जागा मिळाली. गावात पोचलो तेव्हा विहारात पंगत बसली होती. दुसऱ्या एका बाईनं पुस्तकात बघून प्रतिज्ञा म्हटल्या होत्या. माय पंगतीच्या टोकाला बसली, चार घास खाल्ले. येताना खिडकीकडं तोंड करून पुटपुटत होती. मी कान देऊन ऐकलं. बावीसच्या बावीस म्हटल्या तिनं. एकही चुकली नाही. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता आणि करता काही येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका स्वतःच वायर घेऊन आले.

"आणा, आज लावून देतो. काल सण होता."

"नको."

"अहो, गाडी उभीच राहील."

"राहू द्या."

गॅरेजवाल्याला फोन केला. बॅटरी कशी काढायची म्हणून विचारलं. तो म्हणाला, "घरात माणूस नाही का कोणी? त्यांना द्या फोन." मी फोन ठेवून दिला. गाडीच्या कप्प्यात कंपनीचं पुस्तक होतं, ते काढलं. मोबाइलवर व्हिडिओ बघितले. पाना आणला आणि भर उन्हात, सगळ्यांच्या गॅलऱ्यांसमोर बोनेट उघडलं.

घाईत आधी लाल वायरच सोडायला गेले. पाना गाडीच्या पत्र्याला टेकला आणि चर्रकन ठिणगी उडाली. इंजिन फिरवण्याइतका दम नव्हता बॅटरीत, मला घाबरवण्याइतका होता. वरून काकांचं हसू ऐकू आलं. "शॉक बसला का सिस्टर?"

पुस्तक पुन्हा वाचलं. आधी काळी वायर, मग लाल. बसवताना उलटं, आधी लाल. टोकांवर पांढरट बुरशी चढली होती, ती गरम पाण्यानं धुतली. बॅटरी उचलताना कंबर भरून आली. रिक्षात पायाशी ठेवून दुकानात नेली, चार्ज करायला दिली. दुसऱ्या दिवशी आणून मीच बसवली. नट आवळला. चावी फिरवली.

गाडी चालू झाली. माय दारात उभी होती. हसली नाही. नुसती मान हलवली.

गॅलरीतून काका म्हणाले, "जमलं की. मनात काही ठेवू नका बरं का. आणि हो, माझं ते ताकदीचं इंजेक्शन राहिलंय. संध्याकाळी येऊन देऊन जा."

दोन वर्षं त्यांच्या घरी जाऊन मी त्यांना सुई टोचत होते. एक पैसा न घेता. मी दंड धरताना त्यांना कधी पूजा आठवली नव्हती.

"दवाखाना सकाळी उघडतो काका," मी म्हणाले. "केसपेपर काढा. लाईनीत उभे राहा."

"अगं, शेजारधर्म काही हाय की न्हाई?"

"परवा चारजणांसमोर तुम्हीच सांगितला की तो."

हे मी मुद्दाम मोठ्यानं बोलले. त्या चारही जणांना ऐकू जावं म्हणून. मग बोनेट पाडलं.

दवाखान्यात आले तर सुई देईन. तिथं ते पेशंट आहेत आणि मी ड्यूटीवर आहे. पण त्यांच्या घराची पायरी मी चढणार नाही. त्यांनी बोलावलं तरी नाही, हात जोडले तरी नाही.